गाडीतला गॅस-विजेवरचा जुना फ्रिज: भंगारात काढण्याआधी काय तपासावं?

गिरणारे_रोड

नमस्कार मंडळी. आमच्याकडे जुन्या मिनीबसवर बॉडी बांधून घेतलेली कॅम्पर गाडी आहे. झोपायला बर्थ, छोटा ओटा, सिंक आणि ओट्याखाली एक जुना युरोपीय फ्रिज. गॅस, २३० व्होल्ट आणि १२ व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा. कॉम्प्रेसर नाही, त्यामुळे आवाजही नाही. मागच्या पाटीवर लिहिलंय: २३० व्होल्टला १२५ वॅट, १२ व्होल्टला १२० वॅट, गॅस ३० मिलिबार.

आत्ताची अवस्था सांगतो. घरासमोर विजेवर लावला तर बाहेर ३५-३६ अंश असताना आत ठेवलेल्या ग्लासातलं पाणी १४ अंशांपर्यंत येतं, त्याखाली उतरतच नाही. गॅसवर नॉब दाबून धरला की पेटतो, सोडला की विझतो. ज्योत पिवळी. १२ व्होल्टवर काहीच होत नाही, मागची नळी कोमटसुद्धा लागत नाही.

शहरात दोघांना दाखवला. एकाने "गॅस भरावा लागेल" म्हणून सांगितलं, आणि मागे कॉम्प्रेसर दिसेना तेव्हा हात वर केले. दुसरा म्हणाला भंगारात द्या. मला तो द्यायचा नाही. आईला इन्सुलिन लागतं. तिला वणीला, भंडारदऱ्याला न्यायचं म्हणजे दर वेळी थर्मासमध्ये बर्फ भरत बसावं लागतं. हा फ्रिज चालला तर तिचं बाहेर पडणं सोपं होईल. कुणाला ह्या जातीच्या फ्रिजचा अनुभव आहे का?

कोरा_कागद

१२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज बसवा, छतावर सोलर पॅनल टाका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तोच टिकतो. जुन्या वस्तूवर वेळ का घालवायचा?

जुना_फिटर

भंगारात काढू नका इतक्यात. १४ अंशांपर्यंत उतरतोय म्हणजे आतलं चक्र फिरतंय. मेलेल्या फ्रिजमधलं पाणी बाहेरच्या तापमानालाच राहतं.

ह्याला अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज म्हणतात आणि ह्यात गॅस भरायचा प्रकारच नसतो. पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन कारखान्यातच भरून नळ्या वेल्डिंगने कायमच्या बंद केलेल्या असतात. आतून गंज चढू नये म्हणून थोडं सोडियम क्रोमेट घातलेलं असतं, पिवळ्या रंगाचं. तळाशी बॉयलर असतो. त्याला उष्णता मिळाली की अमोनियाचे बुडबुडे सुटतात आणि उकळी आलेलं दूध पातेल्यात वर चढावं तसं पाणी बारीक नळीतून वर ढकललं जातं. ह्यातला पंप तो एवढाच. अमोनियाची वाफ वरच्या कंडेन्सरमध्ये थंड होऊन द्रव होते आणि आत इव्हॅपोरेटरमध्ये उतरते. तिथे हायड्रोजन भरलेला असल्यामुळे अमोनियाच्या वाट्याला येणारा दाब फार थोडा असतो, म्हणून तो कमी तापमानालाच उडायला लागतो आणि उडताना फ्रिजमधली उष्णता घेऊन जातो. पुढे खाली अ‍ॅब्सॉर्बरमध्ये पाणी त्याला परत शोषून घेतं, हायड्रोजन मोकळा होऊन माघारी जातो. हलणारा भाग एकही नाही.

त्यामुळे असा फ्रिज समोर आला की मी आधी दोनच गोष्टी बघतो. बॉयलरला पुरेशी उष्णता मिळते का, आणि मागची उष्णता गाडीबाहेर पडते का. ह्या दोन्ही ठीक असूनही गार होत नसेल तरच आतल्या यंत्रणेवर संशय घ्यायचा. बहुतेक लोक शेवटच्या पायरीवरून सुरुवात करतात आणि चांगला फ्रिज घालवून बसतात.

मला एवढं सांगा. मागच्या नळ्यांवर कुठे पिवळे डाग किंवा भुकटी आहे का? डोळ्यांत पाणी आणणारा अमोनियाचा वास येतो का? गाडी पाणसळीत उभी असते का? फ्रिजच्या मागे जागा किती आहे आणि वरून हवा बाहेर जायला झरोका कुठे आहे?

गिरणारे_रोड

काका, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. पिवळं काही नाही, बॅटरी मारून सगळ्या जोडांवरून बघितलं. वासही नाही. अंगणात फरशी आहे, गवंड्याची लेव्हल फ्रिजच्या आतल्या बर्फाच्या पट्टीवर ठेवली तर बुडबुडा मधोमध येतो.

मागची बाजू मात्र बघण्यासारखी आहे. खाली वीतभर जाळी आहे. वर काहीच नाही. ज्याने बॉडी बांधली त्याने वरचं तोंड प्लायने बंद करून त्यावर सनमायका लावलाय. फ्रिज आणि गाडीच्या भिंतीमध्ये चार बोटांहून जास्त मोकळी जागा आहे. तासाभराने हात घातला तर आतली हवा चटका बसेल इतकी तापलेली असते.

जुना_फिटर

मग विजेवरचं निम्मं कोडं इथेच सुटलं. कंडेन्सर वर असतो आणि नेमकी तीच जागा बंद आहे.

देवळालीची_मी

हे वाचून राहवलं नाही. मी बरीच वर्षं एका हॉटेलात हाउसकीपिंग बघायचे. खोल्यांमधले मिनीबार बहुतेक ह्याच जातीचे असायचे, कारण रात्री आवाज नको. पाहुण्यांची एकच तक्रार, पाणी गार होत नाही. इलेक्ट्रिशियन दर वेळी हीटर तपासायचा, तो चांगलाच निघायचा. शेवटी सुताराला बोलावून कपाटाच्या मागच्या फळीला खाली आणि वर खाचा पाडून घेतल्या, तेव्हा तक्रारी थांबल्या. त्याआधी दोन खोल्यांतले फ्रिज उगाच बदलून झाले होते.

पदार्थविज्ञान_१२वी

देवळालीच्या ताईंनी लिहिलंय त्यामागचं कारण आकड्यांत बघण्यासारखं आहे. अमोनिया ५० अंशांना द्रवरूप व्हायला सुमारे २० बार दाब लागतो, ६० अंशांना सुमारे २६ बार. नळ्या सीलबंद, आत किती दाब भरायचा ते कारखान्यात ठरलेलं. म्हणजे कंडेन्सरभोवतीची हवा जितकी तापेल तितका अमोनियाचा कमी भाग द्रव होणार. जो द्रव झाला नाही तो इव्हॅपोरेटरमध्ये पोचून काही कामाचा नाही. बॉयलरला कितीही उष्णता द्या.

म्हणूनच उत्पादक ह्या फ्रिजना हवामानाचे वर्ग देतात. पाटीवर एन अक्षर असेल तर तो १६ ते ३२ अंशांच्या हवेसाठी, एसटी असेल तर ३८ पर्यंत, टी असेल तर ४३ पर्यंत. नाशिकचा एप्रिल-मे एन वर्गाच्या बाहेर जातो. तुमच्या पाटीवर काय आहे ते बघा. ह्यात हवा म्हणजे फ्रिजच्या मागची हवा, अंगणातली नव्हे. अंगणात ३६ आणि त्या बंद खणात ५५ असेल तर फ्रिजच्या दृष्टीने ५५च.

थोडं विषयांतर करतो. ही रचना १९२२ साली स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकणाऱ्या बाल्टझर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स ह्या दोघांनी काढली. नंतर इलेक्ट्रोलक्सने ती विकत घेऊन जगभर पोचवली. आइनस्टाइन आणि लिओ झिलार्ड ह्यांनीही हलता भाग नसलेल्या फ्रिजची रचना केली होती, तिचं अमेरिकन पेटंट १९३० चं आहे. मुलांना हे वर्गात सांगितलं की उष्णतेने थंडी कशी तयार होते हा प्रश्न ती स्वतःहून विचारतात. धागाकर्त्यांनी दुरुस्तीचे फोटो काढून ठेवावेत, मी ते वर्गात दाखवीन.

सातपूर_वायरिंग

विजेचं मी सांगतो. मल्टिमीटर घ्या, प्लग काढा, हीटरच्या दोन्ही वायरी कनेक्टरमधून सोडवा आणि ओहम मोजा. व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. २३० गुणिले २३० भागिले १२५, म्हणजे ४२३ ओहमच्या आसपास यायला हवं. ४०० ते ४५० मध्ये असेल तर हीटर चांगला. मीटर काहीच दाखवत नसेल तर तुटलेला. हीटर आणि फ्रिजची बॉडी ह्यांच्यामध्येही मोजा. तिथे थोडासुद्धा रेझिस्टन्स दिसला तर अर्थिंगला लीकेज आहे, तो हीटर वापरायचा नाही.

१२ व्होल्टचा हीटर वेगळा असतो. १४४ भागिले १२०, म्हणजे १.२ ओहम. इतकं कमी मोजताना मीटरच्या दोन्ही पिना आधी एकमेकींना लावून येणारा आकडा वजा करा.

आता वायरीकडे या. १२ व्होल्टला हा फ्रिज १० अँपिअर खेचतो. बॅटरीपासून फ्रिज ६ मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन १२ मीटर तांबं. दीड चौरस मिलिमीटरची वायर वापरली असेल तर वाटेतच सव्वा व्होल्टच्या वर गळतं आणि हीटरला १२० च्या जागी ९५ वॅट मिळतात. इथे ६ चौरस मिलिमीटरची वायर टाका. फ्यूज बॅटरीजवळ. आणि हे १२ व्होल्ट इंजिन चालू असतानाच मिळतील असा रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, हवाच, नाहीतर एका रात्रीत बॅटरी बसेल.

२३० व्होल्टलाही तेच गणित लागू. शेतावर संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की १९० व्होल्ट येतात. १९० ला हा हीटर १२५ ऐवजी ८५ वॅटच देतो. दिंडोरीकडे मळ्यात गाडी लावून "फ्रिज बिघडला" म्हणणाऱ्यांनी आधी सॉकेटमधलं व्होल्टेज मोजावं.

सिन्नर_फाटा

माझ्या काकांकडे रॉकेलवरचा असाच फ्रिज होता. तो गार करेनासा झाला की उलटा करून रात्रभर ठेवायचे आणि चालू व्हायचा. तुम्हीही करून बघा.

जुना_फिटर

तो उपाय खरा आहे, पण ह्या दुखण्यावरचा नाही. फ्रिज उतारावर उभा राहून चालला की द्रव एका बाजूला साचतो, बॉयलर कोरडा तापतो आणि मघाशी सांगितलेलं क्रोमेट खडे होऊन बारीक नळीत अडकतं. उलटा केल्याने द्रव पुन्हा मिसळतात, कधी कधी अडथळा सुटतो. खडे घट्ट झाले असतील तर काही उपयोग होत नाही. बॉयलर भरपूर तापलाय, पण कंडेन्सर आणि अ‍ॅब्सॉर्बर दोन्ही गार, असं दिसलं तरच उलटं करण्याचा विचार करायचा. इथे तर फ्रिज १४ पर्यंत उतरतोय. चालू असलेलं चक्र कशाला ढवळायचं? शिवाय तो गाडीतून काढायचा म्हणजे गॅसची लाइन सोडवावी लागते, ते वेगळंच काम.

उताराबद्दल एक सांगून ठेवतो. गाडी चालत असताना घाटात कितीही वाकली तरी बिघडत नाही, कारण हलण्यामुळे द्रव वाहत राहतो. बिघडतं ते वाकड्या जागी उभी करून फ्रिज तासन्‌तास चालू ठेवला की. इतका जुना फ्रिज आडव्या दिशेला ३ अंशांहून जास्त कललेला चालत नाही. गंगापूर धरणाच्या काठाला गाडी लावली की चाकाखाली लाकडी पाचर घालून पाणसळीत आणा, मगच फ्रिज चालू करा.

निळी_ज्योत

मी गॅस शेगड्या आणि हॉटेलच्या भट्ट्या दुरुस्त करतो. सगळ्यात आधी सुरक्षेचं. हे काम गाडी उघड्यावर उभी करून, दारं-खिडक्या उघडून, सिलिंडरचा वॉल्व्ह बंद करूनच करायचं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर गाडीच्या फरशीवर साचतो, म्हणून सिलिंडरच्या खणाला तळाशी थेट बाहेर उघडणारं भोक हवं. गळती साबणाच्या पाण्याने बघायची. काडी ओढून कधीही नाही. ज्यांनी आधी गॅसचं काम केलेलं नाही त्यांनी माहितगार माणूस सोबत घ्यावा.

पिवळी ज्योत म्हणजे बर्नरला हवा कमी पडतेय. आपल्याकडे ह्याचं नेहमीचं कारण कुंभारीण माशी. गाडी पावसाळाभर उभी राहिली की ती बर्नरच्या हवेच्या भोकात मातीचं घर करते. कोळ्याचं जाळंही पुरतं. बर्नर काढून नळी मऊ ब्रशने साफ करा.

मग जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणारं बारीक तोंड. त्याचं भोक केसाएवढं असतं. त्यात सुई, तार, टाचणी काही घालू नका. भोक जराही मोठं झालं की ज्योत वाढते, काजळी धरते आणि बॉयलर खराब होतो. जेट स्पिरिटमध्ये बुडवून ठेवा, मग हवेच्या झोताने उडवा, उजेडासमोर धरून गोल भोक दिसतंय का बघा.

बर्नरच्या वर उभी चिमणी असते. तिच्यात वरून तारेला टांगलेली पिळाची पट्टी असते, ती धुराला फिरवत नेते म्हणजे उष्णता बॉयलरच्या अंगाला लागते. पट्टी वर ओढून काढा, चिमणीतली काजळी खाली पाडा. त्याआधी बर्नरवर फडकं टाका, नाहीतर सगळी काजळी त्यातच जाईल. पट्टी परत त्याच उंचीवर टांगायची. ती हरवलेले फ्रिज मी पाहिलेत, ज्योत उत्तम आणि गारवा शून्य.

नॉब सोडला की विझणं हे थर्मोकपलचं लक्षण. तांब्याच्या बारीक नळीच्या टोकाला एक पिन असते, ती ज्योतीत तापली की काही मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि तेवढ्यावर गॅसचा वॉल्व्ह उघडा राहतो. पिनचं टोक ज्योतीत नसेल, काजळीने माखलं असेल, किंवा वॉल्व्हकडचा नट सैल असेल तर वॉल्व्ह धरत नाही. आधी साफ करा, नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा पान्याने द्या. पेटवल्यावर नॉब १५-२० सेकंद दाबून धरा. तरी विझला तर पिन तापलेली असताना मिलिव्होल्ट मोजा. २० च्या आसपास असेल तर थर्मोकपल चांगला, दोष वॉल्व्हच्या कॉइलमध्ये. ५-७ असेल तर थर्मोकपल बदला. लांबी आणि आटे जुळवून घ्या.

गिरणारे_रोड

दादा, रेग्युलेटर कोणता वापरू? सध्या आधीच्या मालकाने दिलेला आहे, त्याच्यावर फिरवायची चावी आहे.

निळी_ज्योत

तो आधी काढा! फिरवायची चावी असलेला रेग्युलेटर हा केटरिंगच्या भट्टीचा जास्त दाबाचा असतो. तुमच्या पाटीवर ३० मिलिबार आहे आणि आपल्या घरच्या शेगडीचा साधा रेग्युलेटर साधारण तेवढाच दाब देतो, म्हणून हे जमून येतं. सगळ्यांचं असं जमतंच असं नाही. काही जर्मन बनावटीचे फ्रिज ५० मिलिबारचे असतात, अमेरिकन २७-२८ चे. पाटी वाचल्याशिवाय जोडू नका.

दाब मोजायला महागडं यंत्र लागत नाही. पारदर्शक नळी यू आकारात पट्टीवर बांधून निम्मी पाण्याने भरा, एक तोंड टेस्ट पॉइंटला लावा. बर्नर चालू असताना दोन्ही बाजूंच्या पाण्यात ३० सेंटिमीटरच्या आसपास फरक पडला पाहिजे. हे मी स्वतः येऊन करून देईन, तुम्ही एकट्याने करू नका.

आणि सिलिंडर. घरगुती १४.२ किलोचा घरच्या स्वयंपाकासाठीच असतो, तो गाडीत ठेवू नका. ५ किलोचा बाजारात मिळतो तो घ्या. असा फ्रिज चोवीस तासांत पाव किलोच्या जरा वर गॅस खातो, म्हणजे ५ किलो दोन आठवड्यांहून जास्त पुरतो.

देवळालीची_मी

एक काळजीचा मुद्दा. पिवळी ज्योत असताना ते लोक गाडीत झोपत नाहीत ना? काजळी होते तिथे कार्बन मोनॉक्साइडही होतो आणि त्याला वास नसतो. चिमणीचा धूर बाहेरच जातोय ना, फ्रिजच्या मागचा खण आणि झोपायची जागा ह्यांच्यात कुठे फट नाही ना, हे आईंना घेऊन जाण्याआधी पक्कं बघा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो लावा.

गिरणारे_रोड

ताई, ज्योत निळी होऊन सगळं तपासून होईपर्यंत गॅसवर चालवणारच नाही. अलार्म मागवला.

कोरा_कागद

इतका खटाटोप बघता मी पुन्हा विचारतो, कॉम्प्रेसरवाला का नको? तो १२ व्होल्टवर चालू असताना ४०-५० वॅट घेतो आणि मधूनमधून बंद होतो. तुमचा १२० वॅट सतत. तो उतारावरही चालतो, ४० अंशांतही चालतो.

जुना_फिटर

तुमचं म्हणणं रास्त आहे. नवी गाडी बांधणाऱ्याला मीही तेच सांगीन. पण ह्यांच्याकडे फ्रिज आहे, बसवलेला आहे आणि माझ्या मते चांगला आहे. वीज नाही, ऊन नाही अशा जागी, समजा भंडारदऱ्याच्या पावसात चार दिवस मुक्काम असेल, तर पाव किलो गॅसवर दिवसभर गार ठेवणारं दुसरं काही मला माहीत नाही. बॅटरी आणि पॅनलचा खर्चही मोठा आहे. आधी हा तपासून होऊ द्या. नाहीच जमलं तर तुमचा सल्ला घ्यायचाच आहे.

गिरणारे_रोड

मंडळी, बरंच काम झालं. सगळं लिहितो, कारण पुढे कुणालातरी उपयोगी पडेल.

२३० चा हीटर ४२१ ओहम, लीकेज नाही. १२ व्होल्टचा १.२ ओहम, म्हणजे तोही चांगला. दोष रिलेपाशी होता, वायरीच्या टोकाच्या धातूच्या जोडावर (लुगवर) हिरवा गंज चढून आतली तार पिठासारखी झाली होती, ओढली तर हातात आली. वायर दीड चौरस मिलिमीटरचीच निघाली. आता ६ ची टाकली आणि फ्यूज बॅटरीजवळ घेतला.

गॅससाठी निळी_ज्योत दादा स्वतः घरी आले. बर्नर काढला तर नळीत अंगठ्याएवढा मातीचा गोळा, आत वाळलेल्या अळ्या. चिमणीतून मूठभर काजळी पडली. पिळाची पट्टी होती, पण तार तुटून ती खाली बर्नरला टेकली होती, नवी तार लावून उंचीवर टांगली. थर्मोकपलची पिन घासली, नट घट्ट केला. रेग्युलेटर बदलला, पाण्याच्या नळीवर २९ सेंटिमीटर आलं. ज्योत निळी, आणि नॉब सोडल्यावर पेटती राहिली तेव्हा आई गाडीच्या पायरीवर उभी राहून बघत होती.

झरोक्याचं काम सुताराकडून करून घेतलं. कंडेन्सरच्या माथ्याच्या वर गाडीच्या भिंतीला जाळी बसवली. मागची जागा जास्त होती, तिथे फिटर काकांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वाकवून लावला, म्हणजे खालून आलेली हवा भिंतीलगत निसटून न जाता कंडेन्सरच्या पात्यांमधूनच वर जाते. झोपायच्या बाजूच्या फटी सिलिकॉनने बंद केल्या. दारात कागद धरून रबर तपासलं, खालच्या कोपऱ्यात कागद अलगद निघत होता. रबर कोमट पाण्याने धुऊन, हेअर ड्रायरने गरम करून ओढून बसवलं, आता धरतं.

रात्री विजेवर लावला. सकाळी ग्लासात ४ अंश. दुपारी बाहेर ३४ असताना ७. गॅसवर जवळपास तेवढंच. पाटीवर एसटी लिहिलेलं सापडलं सर, फोटो पाठवले आहेत.

पदार्थविज्ञान_१२वी

फोटो मिळाले. पिळाच्या पट्टीचा विशेष उपयोग होईल, पाठ्यपुस्तकात उष्णतावहनाचं इतकं उघडं उदाहरण मिळत नाही.

इन्सुलिनबद्दल मात्र सावध राहा. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं आणि गोठू द्यायचं नाही. तुमचा दुपारचा ७ वरच्या मर्यादेला अगदी खेटून आहे. दुसरीकडे, ह्या फ्रिजच्या आत मागच्या गार पात्यांजवळ रात्री शून्याखाली जाऊ शकतं. डबी पात्यांना टेकू देऊ नका, मधल्या कप्प्यात पुढे ठेवा आणि शेजारी कमाल-किमान नोंदवणारा थर्मामीटर ठेवा. दोन-तीन मुक्कामांचे आकडे बघितल्याशिवाय थर्मासला रजा देऊ नका.

जुना_फिटर

सरांशी पूर्ण सहमत. दुपारचा ७ खाली आणायला वरच्या जाळीपाशी १२ व्होल्टचा छोटा पंखा बसवा, कॉम्प्युटरमध्ये असतो तसला. हवा वर बाहेर ओढेल असा लावा. खाली बर्नरपाशी लावू नका, ज्योत हलेल. फ्रिजची बाजू सावलीत राहील अशी गाडी लावलीत तर आणखी फरक पडतो. उन्हात तापलेली भिंत मागची सगळी हवा तापवते.

निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर गार करून घ्या आणि सामानही घरच्या फ्रिजमधलं गारच भरा. कोमट पाण्याच्या बाटल्या भरल्या तर संध्याकाळपर्यंत तो त्यातच गुंतून पडतो. चालत्या गाडीत गॅस सिलिंडरवरच बंद, १२ व्होल्ट चालू. पेट्रोल पंपावर शिरण्याआधी ज्योत विझलेलीच हवी.

वणीवाट

हा धागा वाचून मीही आमच्या जुन्या ट्रेलरमधला फ्रिज तपासला. बॉयलरजवळच्या जोडावर हळदीसारखी पिवळी भुकटी आहे आणि मागचं झाकण उघडलं तेव्हा नाकाला झोंबलं. विजेवर बॉयलर खूप तापतो, बाकी सगळं गार. ह्याला वेल्डिंग करून घेता येईल का?

जुना_फिटर

नाही. लगेच बंद करा आणि पुन्हा चालू करू नका. पिवळी भुकटी म्हणजे क्रोमेट बाहेर आलंय, नळी फुटलेली आहे. हायड्रोजन पेट घेतो, अमोनिया फुप्फुसाला घातक आणि उरलेला दाब किती ते बाहेरून कळत नाही. त्यावर वेल्डिंगची टॉर्च लावणं जिवावर बेतेल. भुकटीला उघडा हात लावू नका, ती विषारी आहे. हातमोजे घाला, तोंडाला मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून वेगळं ठेवा. ट्रेलरची दारं उघडी ठेवा, मुलांना जवळ येऊ देऊ नका.

ह्याला मागची पूर्ण यंत्रणा बदलणं एवढाच इलाज आणि आपल्याकडे ती सहज मिळत नाही. तुमच्यासाठी कोरा_कागद ह्यांचा सल्ला योग्य आहे. भंगारवाल्याला देताना आत अमोनिया आहे हे स्पष्ट सांगा, नाहीतर तो थेट कटर लावेल.

वणीवाट

बंद केला. ट्रेलर शेडमधून बाहेर काढून उघड्यावर लावलाय. कोरा_कागद, तुमच्याशी व्यक्तिगत निरोपात बोलतो.

कोरा_कागद

जरूर. ट्रेलरमधल्या जागेची मापं आणि बॅटरी किती अँपिअर-अवरची आहे ते पाठवा.

गिरणारे_रोड

पंखा बसवला. रविवारी वणीला जाऊन मुक्काम करतोय, थर्मास सोबत आहेच. परतल्यावर कमाल-किमान आकडे इथेच लिहितो.